फुटाला एक सूत

ठाकुर्ली
रविवार, ५ जानेवारी २०२५

चि. समीक्षा हिस,
सप्रेम जयभीम.

या दोन हातांनी मी आजवर काय काय केलं ते आधी लिहितो, म्हणजे पत्र कोणाचं आहे हे पाकीट न उलटता कळेल. कोलशेतच्या कारखान्यात एकवीस वर्षांत पंपांचे दोनशे बारा लाकडी साचे. त्यातला एकही तक्रार घेऊन परत आला नाही. आपल्या विहाराचा दरवाजा, दोन पल्ल्यांचा, जो पावसाळ्यात फुगत नाही. तुझा पाळणा. तुझी पाचवीतली कंपासपेटी, जिचं झाकण कसं उघडतं ते दाखवायला तू मैत्रिणींकडून चिंचेच्या गोळ्या घ्यायचीस. तुझ्या आईचा पोळपाट, जो ओट्यावर डुगडुगत नाही. असे पोळपाट जगात फार नाहीत. शेडमधली सगळी फडताळं. आणि इंग्रजी डिक्शनरी, ए पासून एम पर्यंत, वहीत हाताने उतरवलेली. आठवी पास माणसाने केलेलं ते कामही हाताचंच धर. एमच्या पुढचे शब्द कारखान्याच्या ड्रॉइंगवर फारसे आले नाहीत, म्हणून तिथे थांबलो.

या यादीत तुझ्या सासरचं कपाट नाही. ते मी केलेलं नाही. सगळं बिनसलं ते तिथूनच.

झालं ते मी नाकारत नाही. तुझ्या लग्नानंतर माजिवड्याला पहिल्यांदा जेवायला आलो, चाळीस माणसं होती, आणि काटकोन बघायचा गुण्या माझ्या खिशात असतोच. तो मी नव्या कपाटाला लावला आणि म्हणालो, "डावी बाजू पाच सूत कललीय." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाच सूत नुसत्या डोळ्यांना दिसतं, गुण्याचीही गरज नाही. ते कपाट तुझे सासरे सखारामदादा यांनी निवृत्तीनंतर, आयुष्यात पहिल्यांदा हातात करवत धरून, सुनेसाठी केलेलं होतं. ते मला माहीत नव्हतं.

तेव्हापासून चौदा महिने तू माझा फोन घेत नाहीस. आईला म्हणालीस, "फोनवर पप्पा मला दुरुस्त करतात." कागदावर तुला मध्येच थांबवता येत नाही, म्हणून कागद. आई दर रविवारी माजिवड्याला येते, तिच्या पिशवीतून हे येईल.

आता मुद्दा. थोडक्यात आईने सांगितलं ते असं: तुझी तीन वर्षांची शिक्षणसेवकी संपतेय. शुक्रवारी, ३१ जानेवारीला नववीच्या वर्गावर तुझा पाठ बघायला शिक्षण खात्याच्या बाई येणार. विषय अलंकार. त्यांच्या शेऱ्यावर तुझं कायम होणं अवलंबून. आणि तू रडकुंडीला आलीस, कारण मुलं व्याख्या पाठ करतात आणि उदाहरण विचारलं की पुस्तकातलंच देतात.

डोंबिवलीच्या वाचनालयातून मी व्याकरणाचं पुस्तक आणलं आणि तीनदा वाचलं. समे, हे तर माझंच काम आहे! उपमा म्हणजे सांधा. ज्याची तुलना करायची ते उपमेय, ही एक फळी. ज्याच्याशी करायची ते उपमान, ही दुसरी. दोघांमधला सारखा गुण म्हणजे एका फळीतली खाच आणि तिच्यात जाणारं दुसरीचं कुसू. हे मुलांच्या हातात दिलं तर पाठ कशाला करावं लागेल?

मी मॉडेल करतोय. तू हो म्हणायची वाट बघत नाही, कारण लाकूड कापून झालं आहे.

तुझा,
पप्पा


ठाकुर्ली
रविवार, १२ जानेवारी

चि. समीक्षा,
सप्रेम जयभीम.

आईबरोबर खोकं पाठवतो. वजन नऊ किलो, म्हणून रिक्षा थेट दारापर्यंत कर असं तिला सांगितलं आहे. ती स्टँडवर उतरून चालत आली असेल तर मला कळव.

आत सागवानाच्या बारा जोड्या आहेत. प्रत्येक ठोकळ्यावर शब्द कोरलेला, अक्षराची उंची सहा सूत, म्हणजे शेवटच्या बाकावरून दिसतं. ढग आणि कापूस. डोळे आणि कमळ. आई आणि साय. मुलगा आणि दिवा. पुस्तकातल्या सगळ्या घेतल्या. यातली खुबी अशी की प्रत्येक जोडीची खाच वेगळ्या आकाराची आहे. ढगात फक्त कापूस जातो. कमळ घालून बघितलंस तर जाणार नाही. कागद सरकणार नाही इतकं घट्ट बसवलंय. म्हणजे मुलांना चुकीचं उत्तर देताच येणार नाही. चार रात्री नव्हे, चार पूर्ण दिवस लागले.

सूचना: ओला हात लावू नये. ठोकळे उलटे ठेवू नयेत. जोडताना कुसू सरळ धरावं, तिरकं घालू नये. खडूची पूड खाचेत जाऊ देऊ नये. बाकी सूचना खोक्याच्या झाकणावर आतून चिकटवल्या आहेत, एकूण चौदा.

आईला दाखवलं. म्हटलं, "वैशाली, आता मला एक उपमा दे." ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तुमच्यासारखे तुम्हीच." मी खूश होऊन पुस्तकात बघितलं. त्याला उपमा म्हणत नाहीत, अनन्वय म्हणतात. ज्याची तुलना दुसऱ्या कशाशीच होत नाही तो. मी म्हटलं, "स्तुती केलीस का?" तर म्हणाली, "बघा, तुम्हीच ठरवा."

पाठाचा कागदही सोबत आहे. पस्तीस मिनिटांचे सात भाग पाडलेत. तू कुठे थांबायचं तेही लिहिलंय.

पप्पा


ठाकुर्ली
रविवार, १९ जानेवारी

समीक्षा,
जयभीम.

चौदा महिन्यांनी तुझं पत्र आलं आणि त्यात पाच ओळी. त्या मी इथे उतरवतो, म्हणजे मी काय वाचलं याबद्दल वाद नको:

"पप्पा, मॉडेल फार सुंदर झालंय. पण मी ते वापरणार नाही. काल वर्गात नेऊन बघितलं. ऐश्वर्याने आईचा ठोकळा उचलला आणि म्हणाली, 'मॅडम, माझी आई प्रेशर कुकरसारखी आहे.' वर्षभरात ती वर्गात पहिल्यांदा बोलली. मी विचारलं का गं, तर तिने खोक्यात कुकर शोधला, नव्हता. मग सायीचा ठोकळा बसवला, तो टक्कन बसला, आणि ती गप्प बसली. तुमच्या खाचा चूक करूच देत नाहीत. मग मी शिकवू काय?"

माझं म्हणणं असं:

कुकर पुस्तकात नाही. मी बघितलं.

सायीचा ठोकळा टक्कन बसला हा दोष म्हणून लिहिलेला मी आयुष्यात पहिल्यांदा वाचला. बाराशे रुपयांचं सागवान सोड, पण तो आवाज काढायला माणसाला वीस वर्षं लागतात.

पाठाच्या कागदाबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. आईकडून कळलं की त्याच्या मागच्या बाजूला तू वाण्याची यादी केलीस.

खोकं परत पाठव. विहारात मुलं येतात, त्यांना देईन. आईला उचलायला लावू नकोस, रत्नदीपला सांग. जावयाने सासऱ्याच्या दारात यायला हरकत नसावी.

पप्पा

ता. क. त्या मुलीने कारण सांगितलं का? आई कुकरसारखी का?


ठाकुर्ली
रविवार, २६ जानेवारी

चि. समे,
सप्रेम जयभीम.

रत्नदीप खोकं घेऊन आला, चहा प्यायला, दोन ठोकळे जोडून बघितले आणि म्हणाला, "पप्पा, एक नंबर. पण हे कोडं आहे ना?" मी म्हटलं, हे मॉडेल आहे. तो म्हणाला, "तेच. सुटलं की संपलं." जावई कमी बोलतो हे बरं आहे.

त्याच्याकडून ऐश्वर्याचं कारणही कळलं. "खूप आवाज करते, पण आतलं करपू देत नाही." मी हातातला कप खाली ठेवला.

नंतर तीन दिवस मी काही केलं नाही. रंध्याला हात लावला नाही. आई म्हणाली, "बरं नाहीये का?" चौथ्या दिवशी शेडमध्ये जुनी मोजपट्टी सापडली. तुला लहानपणी त्या पट्टीला हात लावू द्यायचो नाही, कारण ती खोटी आहे. तिच्यावरचा एक फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत जास्त आहे. लाकडी साच्याने वाळूत पाडलेल्या ठशात वितळलेलं बीड, म्हणजे ओतायचं लोखंड, ओतलं की निवताना ते आवळतं, फुटाला एक सूत. म्हणून पंपाचा लाकडी साचा पंपाएवढा करायचा नसतो. थोडा मोठा करायचा. बरोबर मापाचा साचा केला तर पंप चुकतो. हे मी दोनशे बारा वेळा केलं, समे, आणि तुझ्या मुलांसाठी काम करताना बरोबर मापाचं केलं. ढगाला कापसाएवढीच जागा ठेवली. त्याला आवळायला, सैल व्हायला, दुसरं काही व्हायला जागाच नाही.

मग नवं सुरू केलं. या वेळी सगळ्या खाचा एका मापाच्या, आणि कुसू सूतभर बारीक. कुठलाही ठोकळा कुठल्याही ठोकळ्यात जातो, पण खुळखुळतो. ठोकळ्यांवर शब्द कोरलेला नाही. फळ्याचा काळा रंग दिलाय, मुलांनी खडूने लिहायचं. आणि मधल्या फटीत ठोकायची एक पाचर, तीही काळी. त्या पाचरीवर कारण लिहायचं. आई, कुकर, आणि पाचरीवर "करपू देत नाही." पाचर ठोकली की सांधा घट्ट. कारण नसेल तर नुसता खुळखुळाट.

पाचरी चाळीस हव्या होत्या आणि दिवस चार. इथे मला एक गोष्ट लिहायची आहे, जी लिहायला मी तीन कागद फाडले.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की कपाट कोणी केलं ते मला माहीत नव्हतं. ते खरं नाही. जेवायच्या आधी सखारामदादांनी माझ्याशी हात मिळवला तेव्हा त्यांच्या नखांत फेविकॉल होता आणि अंगठ्याला करवतीची जखम होती. मला तेव्हाच कळलं. चाळीस माणसं कपाटाचं कौतुक करत होती. लाकडाचं कौतुक त्या घरात माझं व्हायचं, असं मी मनाशी धरून आलो होतो. म्हणून गुण्या काढला. दुसरं काही कारण नाही.

काल शनिवारी तू शाळेत असताना मी माजिवड्याला गेलेलो. दार त्यांनीच उघडलं. म्हणाले, "गुण्या आणलाय का?"

मी म्हटलं, "नाही. लाकूड आणलंय. चाळीस पाचरी कापायच्यात, मला एकट्याला जमत नाही."

"मला सरळ कापता येत नाही, हे तुम्हीच सांगितलंत ना चारचौघांत?"

"सांगितलं. कपाट कोणी केलं ते माहीत असूनही सांगितलं. चूक माझी."

ते दारातून बाजूला झाले. मग आत ओरडले, "अगं, चहा टाक. व्याही आलेत, आज नरम आहेत, लवकर टाक!"

चाळीसही पाचरी त्यांनी कापल्या, मी फक्त रंग दिला. कोणत्याही दोन एका मापाच्या नाहीत. जाड, बारीक, एक तर तिरकी. प्रत्येक वेळी फट वेगळी असते, मुलं शोधतील आपापली. मी एकाही पाचरीवर रंधा फिरवला नाही. हे करायला मला ठोकळे करण्यापेक्षा जास्त कष्ट पडले.

खोकं तुमच्याच घरी, कपाटात ठेवलंय. वापरायचं की नाही ते तू ठरव. सूचना चिकटवलेल्या नाहीत.

पप्पा


ठाकुर्ली
रविवार, २ फेब्रुवारी

चि. समे,
सप्रेम जयभीम.

तुझी चिठ्ठी अशी होती: "शुक्रवारी खोकं उचलायला माणूस लागेल. अटी: मागचा बाक, तोंड बंद, खिसे रिकामे." तिन्ही पाळल्या. खिसे तर तू शाळेच्या फाटकात तपासलेस, शिपायासमोर.

तू पुढे होतीस, मागून वर्ग कसा दिसतो ते तुला माहीत नसणार, म्हणून लिहितो. मुख्याध्यापिका बाई सारख्या पदर सावरत होत्या. खात्याच्या बाईंनी वही उघडली होती आणि पहिली दहा मिनिटं पेन उचललं नाही. तू व्याख्या सांगितलीच नाहीस, नुसते ठोकळे वाटलेस, तेव्हा मला वाटलं, संपलं.

मग तो मधल्या रांगेतला विकी उभा राहिला. "मॅडम, माझा बाप रिक्षासारखा."

"का रे?"

"मीटरने चालत नाय!"

सगळा वर्ग फुटला. तू हसली नाहीस. म्हणालीस, "लिही पाचरीवर." त्याने लिहिलं, ठोकलं, हलवलं. आवाज आला नाही. तुझं ते वाक्य मी बाकावरच्या कागदावर उतरवून घेतलं: "हलवून बघा. खुळखुळलं तर कारण शोधा, उपमा टाकू नका." ऋतुराजने गणिताला सापासारखं म्हटलं, आणि कारण काही सापडेना, त्याने तीन पाचरी बदलल्या, तरी खुळखुळ. तू त्याला उत्तर दिलं नाहीस. ते बघून मी बाक घट्ट धरला. मला येत होतं ना उत्तर! शेवटी त्याने स्वतःच साप पुसून "शेजाऱ्यांचा कुत्रा" लिहिलं, "माझ्यावरच भुंकतो", आणि ते बसलं.

ऐश्वर्याने या वेळी काय लिहिलं ते तू वर्गात वाचून दाखवलं नाहीस. मी मागून जाताना वाचलं. तेही सांगत नाही.

मग खात्याच्या बाई उठल्या. कोरा ठोकळा उचलून त्यावर लिहिलं, "अधिकारी." म्हणाल्या, "चला, हे कोण जोडतं?" मुख्याध्यापिका बाईंचा पदर हातातच राहिला. आणि पहिल्या बाकावरची ती दोन वेण्यांची, तिचं नाव रचना ना? तिने उठून दुसऱ्या ठोकळ्यावर लिहिलं, "पाहुणे." पाचरीवर बारीक अक्षरात: "यायचे असले की घर झाडतात."

समे, त्या सकाळी मी शाळेत आलो तेव्हा जिना ओला होता आणि फिनेलचा वास येत होता. सगळ्यांना येत होता.

बाईंनी पाचर ठोकली. ठोकळा कानाशी धरून हलवला. एकदा, दोनदा. आवाज नाही. मग त्या अशा हसल्या की वही खाली पडली. "काय करणार, घट्ट बसलंय," म्हणाल्या. आणि त्यानंतर पेन उचललं ते तास संपेपर्यंत खाली ठेवलं नाही.

तू तेव्हा माझ्याकडे बघितलंस. मी बघितलं नाही असं दाखवलं. डोळ्यांत खडू गेलेला.

एक गोष्ट तुला माहीत असावी म्हणून नोंदवतो. पाठभर तू पाचर जाड बाजूने आत घालत होतीस आणि डस्टरने ठोकत होतीस. पाचर बारीक बाजूने घालतात. पस्तीस मिनिटं मी बघत होतो आणि एक शब्द बोललो नाही. याच्या साक्षीला पूर्ण नववी ब आहे.

तुझे,
पप्पा


ठाकुर्ली
रविवार, १६ फेब्रुवारी

चि. समे,
सप्रेम जयभीम.

परवा तुझा फोन आला. तू फोन केलास, मी नाही, हे आईला दोनदा सांगितलं. तू "कायम झाले" म्हणालीस आणि मी म्हणालो, "चांगलं झालं," आणि पुढे काही सुचलं नाही, म्हणून उरलेलं लिहितो.

शेऱ्याची नक्कल पाठव. फ्रेम मी करणार नाही. सखारामदादांना सांगितलंय, ते करतायत. कोपरे जुळले नाहीत तरी भिंतीवर लावायची असं ठरलंय, आणि तसे ते जुळलेले नाहीत.

दुसरं असं की मंगळवारी शेडमध्ये एक गृहस्थ आले. शाळांना लागणारी साधनं बनवतात, मोठा कारभार आहे, नाव लिहीत नाही. तुमच्या मुख्याध्यापिका बाईंकडून त्यांना कळलं. उभ्याउभ्याच त्यांनी ठोकळे जोडून, ठोकून, हलवून बघितले. "काका, कुठे शिकलात?" मी म्हटलं, "कुठेच नाही." ते म्हणाले, "तेच छापू खोक्यावर. तुमचं नाव, तुमचा फोटो."

हे ऐकून मी खुर्ची पुढे केली, खोटं कशाला बोलू. आईने तर पोहे टाकले. माझं नाव राज्यातल्या शाळा-शाळांत जाणार होतं, समे. आठवी पास माणसाचं.

मग ते म्हणाले, फक्त एक किरकोळ बदल. प्लास्टिकचं करू, आणि पाचरीवर कारण आधीच छापून देऊ. एका सांध्याला एक पाचर, दुसरी बसणारच नाही. "मुलांना विचार करायला वेळ कुठे असतो? आणि शिक्षकांनाही बरं, तपासायला नको."

मी म्हटलं, "मग ऋतुराजने काय करायचं?"

"कोण ऋतुराज?"

"तीन पाचरी बदलणारा."

ते म्हणाले, "काका, विचार करा, पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलला की ही संधी जाईल." पोहे चांगले झाले होते, त्यांनी दोनदा घेतले. मी पाणी दिलं, फाटकापर्यंत सोडायला गेलो आणि तिथे नको म्हणून सांगितलं. त्यांना वाटलं, मी भाव वाढवतोय. त्यांनी गाडीच्या टपावर कागद ठेवून आकडा खोडला आणि नवा लिहिला. मी परत नको म्हटलं.

आई तुला आकडा कमी करून सांगेल, तुझा जीव हळहळू नये म्हणून. तो दुसरा, खोडून लिहिलेला आकडा असा होता: चार लाख पंच्याहत्तर हजार रुपये, एकरकमी, आणि प्रत्येक खोक्यावर माझं नाव.

पप्पा